निरोगी स्त्रीची तपासणी : मालाडच्या भगिनींसाठी मॅमोग्राफीविषयी चार शब्द

मालाड स्थानकातून पश्चिमेस बाहेर पडून स्वामी विवेकानंद मार्गाने कोणत्याही दिशेस चालू लागावे, रोगनिदान केंद्रांच्या पाट्या एकामागून एक दृष्टीस पडू लागतात. मार्चमध्ये महिला दिन आणि ऑक्टोबरमध्ये गुलाबी फितींचा महिना आला म्हणजे त्या पाट्यांशेजारी ‘मॅमोग्राफी सवलतीच्या दरात’ असे फलक झळकतात, सोसायटीच्या सूचनाफलकावर आणि महिला मंडळाच्या व्हॉट्सॲपवर शिबिराची वार्ता फिरते, आणि तेहेतीस वर्षांची सून व बासष्ट वर्षांची सासू एकाच दराने, एकाच रांगेत, एकाच यंत्रापुढे उभ्या राहतात. या दोघींपैकी सासूस त्या चित्रापासून लाभ होण्याचा संभव चांगला आहे आणि सुनेस तो जवळजवळ नाही, ही गोष्ट मात्र त्या रांगेत त्यांना कोणी सांगत नाही; कारण सांगणाऱ्याच्या पदरी त्यातून पडणारे काहीच नसते. ती सांगावी, आणि तिच्या अनुषंगाने वय, यंत्र, अहवाल व पुढील मार्ग यांविषयी जे जाणत्या मंडळींत सर्वमान्य आहे ते आपल्या भाषेत मांडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक भेद मनात पक्का करून घ्यावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. डॉक्टर मंडळी जिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात ती छाननी निरोगी स्त्रीसाठी असते. म्हणजे जिला स्तनाची कसलीही तक्रार नाही, जिच्या हातास काही लागलेले नाही, आणि जी केवळ सावधगिरी म्हणून तपासून घेत आहे, तिच्यासाठी. याउलट जिच्या स्तनात अथवा काखेत गाठ लागली आहे, स्तनाग्र आत ओढले गेले आहे, स्तनाग्रातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येतो आहे, त्यावर न बरे होणारे खरजेसारखे चट्टे उठले आहेत, अथवा स्तनाची त्वचा एके ठिकाणी खळगा पडून किंवा संत्र्याच्या सालीप्रमाणे जाड होऊन बदलली आहे, तिने छाननीच्या वयाचा, शिबिराच्या तारखेचा किंवा सवलतीचा विचार करीत बसण्याचे कारण नाही. ती पंचवीस वर्षांची असो वा पंचाहत्तर, तिने सरळ शल्यचिकित्सकास प्रकृती दाखवावी. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि ‘दुखत तर नाही ना, मग असू दे’ या एका वाक्याने आपल्या समाजात जेवढे नुकसान केले आहे तेवढे कोणत्याही अंधश्रद्धेने केले नसेल. अशा स्त्रीचीही मॅमोग्राफी होते, पण ती निदानासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. आणि ती निर्दोष आली म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही, कारण हातास लागणाऱ्या कर्करोगांपैकी शंभरात सुमारे दहा ते पंधरा या चित्रात दिसतच नाहीत. गाठ हातास लागते आहे आणि अहवाल स्वच्छ आहे असे झाले, तर अहवालावर न थांबता गाठीचा तपास पुरा करून घ्यावा.

आता निरोगी स्त्रीकडे वळू. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या. नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक मृत्यू, हे प्रमाण पाश्चात्त्य देशांशी ताडून पाहता लज्जास्पद आहे, आणि त्याचे मुख्य कारण रोग आपल्याकडे अधिक क्रूर आहे असे नसून तो आपल्याकडे उशिरा डॉक्टरांपुढे येतो, हे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांनी कधीतरी स्तनांची कर्करोगासाठी तपासणी करून घेतली होती अशा शंभरात एकही भरल्या नाहीत. ज्या देशात साधी हाताने करावयाची तपासणी शंभरातील एकीस मिळत नाही, त्या देशात यंत्राची चर्चा आधी करणे हे मला उलटे वाटते. म्हणून मीही हातापासून आरंभ करतो.

हाताने केलेल्या तपासणीचे मोल ठरविण्याचा जगातील एक फार मोठा प्रयोग आपल्याच मुंबईत झाला आहे, आणि मुंबईकरांस त्याची वार्ता असू नये हे विलक्षण आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली याच शहरात इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. तेव्हा कोणास रोग झाला आणि कोण दगावले याचे दप्तर ज्या शहरात इतके जुने व नेटके, तेथेच असा प्रयोग शक्य होता. १९९८ साली डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील गरीब वस्त्यांचे वीस विभाग पाडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा योगायोगाने त्यांपैकी दहा तपासणीसाठी आणि दहा तुलनेसाठी निवडले, आणि ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची नावे नोंदवहीत चढविली. तपासणारे हात मोठ्या डॉक्टरांचे नव्हते. खास शिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले, त्यानंतर कित्येक वर्षे घरोघर जाऊन पाठपुरावा ठेवला, आणि तुलनेच्या विभागांतील स्त्रियांना एकदा कर्करोगाविषयी माहिती देऊन पुढे केवळ नोंद ठेवली.

वीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या विभागांत हात फिरला तेथे रोग सापडला तेव्हा तिसऱ्या व चौथ्या अवस्थेस पोहोचलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्के होते. तुलनेच्या विभागांत ते ४७ टक्के होते. सर्व वयोगटांचा एकत्र हिशेब केला तेव्हा मृत्यूंतील घट सुमारे १५ टक्के भरली, परंतु ती योगायोगानेही आली असू शकेल असे संख्याशास्त्राने बजावले. मात्र पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांचा हिशेब वेगळा मांडला असता स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी निश्चित घट दिसली नाही. वयोगटांची ही फोड मागाहून केलेली होती, हे विसरू नये. तथापि पन्नाशीनंतर लाभ ठळक आणि पन्नाशीपूर्वी अंधुक, हे जे चित्र मुंबईच्या वस्त्यांत हाताने काढले गेले, साधारण तेच चित्र युरोप-अमेरिकेत यंत्राच्या प्रयोगांतूनही निघाले आहे, आणि हा मेळ मला फार बोलका वाटतो. बाईच्या हाताने, विजेवाचून आणि क्ष-किरणांवाचून, मालवणीच्या किंवा कुरारच्या चाळीतील खोलीतही हे काम होऊ शकते, ही त्याची खरी थोरवी. याच प्रयोगात गर्भाशयमुखास पातळ व्हिनेगर लावून पाहण्याची तपासणीही झाली होती, आणि तिने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तुलनेच्या गटास ती तपासणी न देण्यावरून मोठा नैतिक वादही माजला, पण तो येथे उकरत बसत नाही. स्तनांसाठी गेलात तर गर्भाशयमुखाची तपासणीही त्याच खेपेस मागून घ्यावी, इतकेच त्यातून घ्यावयाचे.

केंद्र सरकारने २०१६ साली काढलेल्या आराखड्यात हेच धोरण आहे : ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने, दर पाच वर्षांनी करावी, आणि शंका आल्यास पुढे पाठवावे. महापालिकेच्या आरोग्यकेंद्रात अथवा ‘आपला दवाखाना’मध्ये केसपेपर काढून ही तपासणी मागता येते; ती मागावी लागते, हे मी मुद्दाम लिहितो, कारण खोकल्यासाठी गेलेल्या बाईस कोणी आपण होऊन तसे विचारील याची खात्री धरू नये. पाच वर्षांची मुदत मला लांब वाटते. मुंबईच्या प्रयोगातील अंतर दोन वर्षांचे होते, आणि ज्या स्त्रीस दवाखाना चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे तिने तेच अंतर ठेवावे.

स्वतःच्या हाताने दरमहा स्तन तपासण्याचा जो उपदेश पत्रके वाटून केला जातो त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. शांघायच्या कापडगिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर याचा प्रयोग झाला, एका गटास ही कला परिश्रमपूर्वक शिकविण्यात आली, आणि २००२ साली निष्कर्ष आला तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यू सारखेच निघाले. शिकविलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. यावरून स्वतःच्या शरीराकडे दुर्लक्ष करावे असा अर्थ कोणी काढू नये. स्नानाच्या वेळी, चोळी बदलताना, आपले नेहमीचे रूप कसे आहे याची ओळख असावी आणि त्यात पालट झाला तर तो ओळखू यावा, एवढे पुरे. तारखा पाळून, धास्तीने, चाचपडत बसण्याचे कारण नाही.

आता यंत्राकडे येऊ. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून अल्प मात्रेच्या क्ष-किरणांनी घेतलेले चित्र. हातास लागण्यापूर्वीच्या गाठी आणि चुनखडीच्या कणांसारखे सूक्ष्म ठिपके त्यात दिसू शकतात, आणि यातच तिचे बळ आहे. कोणत्या वयाच्या स्त्रीने ती करावी याविषयी देशोदेशीच्या आज्ञा एक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली असे सांगितले की, जेथे आरोग्यव्यवस्था भक्कम व साधनसंपन्न आहे तेथे ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी ती करावी. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून एकाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी सरकारी पत्र घरी येते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने पूर्वीची पन्नाशीची मर्यादा खाली आणून एप्रिल २०२४ मध्ये ४० ते ७४ वयासाठी दर दोन वर्षांनी असा निर्णय दिला, तर तेथील कर्करोग संस्था पंचेचाळीसपासून आरंभ करावयास सांगते. आपल्या केंद्र सरकारच्या आराखड्यात निरोगी स्त्रीसाठी मॅमोग्राफीचा आग्रहच नाही.

आपल्याकडे अनेक क्ष-किरणतज्ज्ञ चाळिशीपासून दरवर्षी चित्र काढण्याचा सल्ला देतात, आणि त्याच्या समर्थनार्थ ‘भारतीय स्त्रीस हा रोग तरुणपणीच होतो’ असे म्हणतात. या विधानात अर्धे सत्य आहे. आपल्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी भरते हे खरे. परंतु आपल्या देशात एकंदर स्त्रियाच तरुण अधिक आहेत, साठीपुढील थोड्या, म्हणून सरासरी खाली येते, हे त्याचे मोठे कारण आहे. एकेका स्त्रीचा धोका मोजला तर तो येथेही वयाबरोबर वाढतच जातो, आणि साठीची स्त्री पस्तिशीच्या स्त्रीपेक्षा या रोगाच्या अधिक जवळ असते. तरुण स्तनात ग्रंथींचे ऊतक दाट असते. चित्रात ते पांढरे दिसते, गाठही पांढरीच दिसते, आणि धुक्यात पांढरी गाय शोधावी तशी वाचणाऱ्याची गत होते. म्हणून तिशीच्या आतल्या स्त्रीस तक्रार असली तर आधी सोनोग्राफी करतात, आणि चाळिशीच्या आतल्या निरोगी स्त्रीने शिबिरातील मॅमोग्राफीच्या नादी लागू नये.

तेव्हा माझा सल्ला असा. तिशीपासून हाताची तपासणी. चाळीस ते एकोणपन्नास या वयात आपल्या डॉक्टरांशी मसलत करून, लाभ व उपद्रव दोन्ही समजून घेऊन, वाटल्यास दोन वर्षांतून एकदा चित्र. पन्नास ते सत्तर या वयात ऐपत असल्यास दर दोन वर्षांनी चित्र निश्चित, आणि ऐपत नसल्यास दर दोन वर्षांनी हाताची तपासणी तरी चुकवू नये. लेखारंभी ज्या सासू-सुना रांगेत उभ्या होत्या त्यांपैकी सुनेने आपले पैसे वाचवून सासूबाईंचे पैसे भरावेत, हे उत्तम.

उपद्रव हा शब्द वर आला, त्याचा खुलासा केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने २०१२ साली सर्व पुराव्यांची छाननी करून असा हिशेब मांडला की, पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे नियमाने बोलावले तर ४३ मृत्यू टळतात, आणि त्याच वेळी १२९ स्त्रियांत असा कर्करोग सापडतो की जो न सापडता तर त्यांना आयुष्यभर त्रास देता ना. पण एकदा सापडल्यावर तो कोणता हे सांगता येत नसल्याने त्यांच्यावरही शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे हे सर्व होते. टळलेल्या एका मृत्यूमागे असे तीन अनावश्यक उपचार. याशिवाय शंका येऊन पुन्हा बोलावल्या गेलेल्या आणि अखेरीस निरोगी ठरलेल्या स्त्रियांनी काढलेल्या रात्री वेगळ्याच. अमेरिकेत एका खेपेस शंभरातील सुमारे दहा जणींना असे पुन्हा बोलावणे येते, आणि त्या दहांपैकी नऊहून अधिक जणींस काहीही नसते. हे वाचून तपासणीस जाऊ नये असा माझा अभिप्राय नाही, मी स्वतः माझ्या घरातील पन्नाशीपुढील स्त्रियांस जा असेच सांगतो; पण ‘लवकर सापडले म्हणजे वाचले’ ही घोषणा फलकावर मावण्यासाठी आखडली गेली आहे, हे जाणून जावे.

ज्यांच्या घरात हा रोग आहे त्यांची गोष्ट निराळी. आई, बहीण अथवा मुलगी हिला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, घराण्यात बीजांडकोशाचा कर्करोग असेल, एखाद्या पुरुषास स्तनाचा कर्करोग झाला असेल (तो पुरुषांसही होतो, शंभर रुग्णांत सुमारे एक), किंवा तरुणपणी छातीवर किरणोपचार झाले असतील, तर सर्वसाधारण नियम लागू होत नाहीत. आईस ज्या वयी रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, पण बहुधा तिशीपूर्वी नव्हे, तपासणीस आरंभ करावा असा प्रघात आहे. आणि बीआरसीए या जनुकांतील दोष ठरलेल्या स्त्रियांस एमआरआयची जोड देतात. आत्याचा, आजीचा रोग वडिलांच्या बाजूचा म्हणून सोडून देऊ नये. दोष वडिलांकडूनही तितक्याच सहजतेने येतो. मोठ्या कर्करुग्णालयांत जनुकीय सल्ल्याची सोय असते. तेथे जाताना घराण्यातील कोणास, कोणत्या वयी, कोणता कर्करोग झाला याचे टिपण थोरल्या काकू-मावश्यांना विचारून आधी तयार ठेवावे. ‘पोटाचा काहीतरी आजार’ म्हणून झाकून ठेवलेल्या जुन्या मृत्यूंचा उलगडा बहुधा तेव्हाच होतो.

शिबिरांत अलीकडे स्तनांची उष्णता मोजणारे, न दाबणारे, न दुखविणारे, स्पर्शही न करणारे यंत्र दाखवून मॅमोग्राफीऐवजी ते पुरे असे सांगण्यात येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे यंत्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही अशी स्पष्ट ताकीद दिलेली आहे. त्याचप्रमाणे ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये घातलेली सीए १५-३ ही रक्ताची चाचणी निरोगी स्त्रीतील कर्करोग शोधण्याच्या कामाची नाही. या दोहोंवरील खर्च वाचवावा.

केंद्र निवडताना दराइतकीच दुसरी चौकशी करावी. क्ष-किरणांच्या प्रत्येक यंत्रास अणुशक्तीनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे काय, चित्र घेणारी तंत्रज्ञ स्त्री आहे काय, आणि चित्र वाचणारे डॉक्टर स्तनांची चित्रे नेहमी वाचतात काय, हे विचारण्यात संकोच नसावा. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत, मग ते कांदिवलीचे लोक ज्यास शताब्दी म्हणतात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय असो वा जुहूचे कूपर, यंत्र आहे काय, चालू आहे काय, आणि तारीख किती दिवसांची मिळते हे आधी विचारून मगच मनोरी-मढच्या भगिनींनी बोटीचा व बसचा प्रवास करावा.

पाळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातील दिवस घ्यावा, कारण त्या वेळी स्तन कमी हुळहुळे असतात. गर्भारपण असेल किंवा तशी शंका असेल तर छाननी पुढे ढकलावी. त्या दिवशी काखेत अथवा छातीवर पावडर, अत्तर, घामाचा फवारा काही लावू नये. त्यातील कण चित्रात रोगाच्या चुनखडीसारखे उमटतात आणि नसती शंका उभी करतात. साडी-पोलके किंवा दोन भागांचा पोशाख सोयीचा, कारण कमरेच्या वरचेच कपडे उतरवावे लागतात. मंगळसूत्र व साखळी काढावी लागते. पूर्वीची चित्रे असतील तर ती, केवळ कागदी अहवाल नव्हे, बरोबर न्यावीत. जुन्या चित्राशी नवे ताडून पाहता आले तर अनेक शंका जागच्या जागी मिटतात. प्रत्येक स्तनाची दोन, एक वरून व एक तिरके, अशी चार चित्रे घेतात. दाब पडतो तो काही सेकंदच, आणि तो मुळीच दुखत नाही असे सांगणारे खोटे बोलतात; पण जितका दाब नीट तितके चित्र स्वच्छ आणि किरणांची मात्रा कमी, म्हणून तेवढे सोसावे. एका तपासणीतील किरणांची मात्रा सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे आपल्या भोवतालच्या जमिनीतून व आकाशातून सुमारे सात आठवड्यांत आपोआप मिळते तेवढी. तिच्या भयाने पन्नाशीच्या स्त्रीने मागे हटू नये.

अहवालाच्या शेवटी बाय-रॅड्स असा एक आकडा असतो, आणि तो न समजल्यामुळे घराघरांत विनाकारण रडारड होते. शून्य म्हणजे चित्र अपुरे, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी; त्याचा अर्थ कर्करोग असा नव्हे, आणि ‘काही नाही’ असाही नव्हे. एक म्हणजे निर्दोष, दोन म्हणजे दिसले ते निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुतांशी निरुपद्रवी, कर्करोगाचा संभव शंभरात दोनहून अधिक नाही. सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढावे, आणि ही सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथल्या तिथे लिहून ठेवावी, कारण हयगय होते ती याच आकड्याची. चार म्हणजे संशय, बायोप्सी करावी. या चारात शंभरात दोनपासून पंचाण्णवपर्यंत संभव सामावलेला असल्याने चार अ, ब, क यांपैकी कोणते हे डॉक्टरांस विचारावे. पाच म्हणजे दाट संशय. सहा हा आकडा बायोप्सीने आधीच सिद्ध झालेल्या रोगासाठी असतो. स्तनाची घनता अ ते ड अशी वेगळी लिहिलेली असते. ती क अथवा ड असेल तर चित्रावर भिस्त थोडी कमी ठेवून सोनोग्राफीविषयी विचारावे.

बायोप्सी सुचविली गेली तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ‘गाठ काढून टाकू, मग काय ते पाहू’ असे कोणी म्हटले तर तेथून उठावे. प्रथम जाड सुईने गाठीचा तुकडा घेऊन निदान, आणि मग उपचारांची तजवीज, हाच क्रम योग्य आहे. सुई घातल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे, आणि निदानाविना घाईने कापलेली गाठ पुढील शस्त्रक्रिया बिघडवून ठेवते. स्तन गमवावा लागेल या भयाने ज्या स्त्रिया अहवाल उशीखाली दडवितात त्यांनी एवढे जाणावे की, मिलानचे उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनी स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य संपूर्ण स्तन काढल्यानंतरच्या आयुष्याइतकेच असते, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यासह २००२ साली दाखवून दिले. मात्र स्तन राखण्याचा पर्याय गाठ लहान असताना अधिक मोकळा असतो.

मालाडहून टाटाला जाण्यासाठी चर्चगेटच्या धीम्या गाडीने प्रभादेवीस उतरावे आणि पादचारी पुलाने परळ बाजूस जावे. पहिल्या खेपेस नोंदणीस बराच वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि सोबत एकास घ्यावे. बाहेर बायोप्सी झाली असल्यास तिच्या स्लाइड आणि ब्लॉक त्या प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत. ते मागणे रुग्णाचा हक्क आहे, आणि त्यांच्याअभावी पुन्हा सुई सोसावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत होतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्रास आरंभीच भेटावे, खर्च होऊन गेल्यावर नव्हे.

सत्तरीनंतर काय, हा प्रश्न सुना-मुली नेहमी विचारतात. प्रयोगांतील पुरावा बहुतेक सत्तरीपाशी थांबतो. ज्या आजीबाई धडधाकट आहेत, आणि ज्यांच्यापुढे दहा वर्षांचे तरी आयुष्य आहे असे डॉक्टरांस वाटते, त्यांनी मर्जीप्रमाणे दोन वर्षांनी चित्र काढावे. ज्यांचे हृदय, मूत्रपिंड अथवा स्मरणशक्ती आधीच थकली आहे त्यांना या तपासणीपायी शहरभर फिरवू नये. मात्र त्यांच्या पाठीस साबण लावणाऱ्या लेकी-सुनेच्या हातास एखादी गाठ लागली, तर तेथे वयाची मर्यादा नाही. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.